निपाणीचा तंबाखू, बिडी आणि लिबरलिझमच्या वेगवेगळ्या वाटा

लिबरलिझम म्हणजे उदारमतवाद, हा विषय निघाला की लोक थेट लंडन-पॅरिसला जातात, पण मला वाटतं आपल्याकडच्या माणसानं सुरुवात कर्नाटकाच्या सीमेवरच्या, बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीतून करावी. 1981 साली तिथले तंबाखू पिकवणारे शेतकरी, शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या मागे पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले, मागणी रास्त भावाची, शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. शेतकरी संघटनेची घोषणा होती 'भीक नको, हवे घामाचे दाम'. आणि त्याच निपाणीत घराघरात बायका बिड्या वळत होत्या. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याचं माप ठेवून कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, आणि मजुरी हजार बिड्यांवर. नेऊन दिल्या की त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत, पानं खराब निघून कमी पडली तर ती पण बाईच्याच पदरची.

आता बघा, घामाचे दाम दोघांनाही हवेत. पण शरद जोशींचं पुढं सगळं म्हणणं असं होत गेलं की सरकारनं शेतीतून हात काढावा, निर्यातबंदी नको, लेव्ही (म्हणजे सरकारला ठरावीक भावानं सक्तीनं माल घालणं) नको, शेतकऱ्याला बाजार मोकळा मिळाला की तो आपलं बघून घेईल, आणि 1994 ला त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तो याच विचारावर. बिडीवाल्या बाईला मात्र नुसता मोकळा बाजार देऊन काय उपयोग? मोकळ्या बाजारातच तर तिची छाट निघत होती. तिला 1966 चा बिडी कामगार कायदा पाहिजे होता, 1976 चा कल्याण निधी पाहिजे होता, म्हणजे सरकार मध्ये यायला पाहिजे होतं. गंमत नाही, खरंच, या दोन्ही वाटा लिबरलिझमच्याच आहेत. एकाला सरकारच्या सत्तेची भीती, दुसरीला मालकाच्या. माणसावर कुणाची सत्ता किती चालावी हा मूळ प्रश्न, आणि तुम्हाला जास्त भीती कुणाची वाटते त्यावर तुमची जात ठरते (जात म्हणजे प्रकार या अर्थानं).

पहिली भीती राजाची आणि धर्मपीठाची. युरोपात 1618 ते 1648 अशी तीस वर्षं कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्ध चाललं, जर्मन भागातली गावंच्या गावं ओस पडली. फ्रान्सच्या राजानं 1598 ला प्रोटेस्टंट लोकांना दिलेली सवलत नातवानं 1685 ला काढून घेतली आणि लाखभराहून जास्त लोक देश सोडून पळाले. म्हणजे राजाच्या मर्जीवर मिळालेला हक्क मर्जी फिरली की जातो, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं. इंग्लंडमध्ये 1688 ला राजा पळाला, दुसऱ्याला गादीवर बसवताना संसदेनं अटी घातल्या, आणि त्याच सुमाराला जॉन लॉक नावाच्या डॉक्टरनं मांडलं की सरकार हे लोकांच्या संमतीनं चालतं, जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सांभाळायला ते असतं, ते जमत नसेल तर लोक त्याला बदलू शकतात. मालमत्ता कुठून येते, तर ज्या जमिनीत तुमची मेहनत मिसळली ती तुमची. घामाचे दाम म्हणतो तो विचार इतका जुना आहे. पण हाच युक्तिवाद पुढं अमेरिकेत मूळच्या लोकांची जमीन काढून घ्यायला वापरला गेला, तुम्ही नांगरलीच नाही तर ती तुमची कशी, असं म्हणून. आणि लॉकच्या सहिष्णुतेत नास्तिकाला जागा नव्हती, कॅथलिकांबद्दलही त्याला भरवसा नव्हता. हे लपवून लिबरलिझम शिकवायचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतरचं भराभर सांगतो. 1748 ला फ्रान्सचा माँतेस्क्यू म्हणाला सत्ता एका हातात ठेवू नका, 1776 ला ॲडम स्मिथनं व्यापारावरच्या मक्तेदाऱ्यांवर हल्ला केला, त्याच वर्षी अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, 1789 ला फ्रान्सचा मानवी हक्कांचा. लिबरल हे नाव राजकीय गटाला पहिल्यांदा लागलं ते स्पेनमध्ये, 1810 नंतर कादिझच्या संसदेत, आणि 1812 ची तिथली राज्यघटना त्याच लोकांची.

मग दुसरी भीती आली, बहुमताची. राजा गेला, मतं मोजायला लागले, पण एक्कावन्न जणांनी मिळून एकोणपन्नास जणांचा गळा धरला तर? टोकव्हिल या फ्रेंच लेखकानं 1835 ला अमेरिका बघून हे लिहिलं, जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं 1859 ला त्याच्यावर सगळी मांडणी उभी केली की दुसऱ्याला इजा होत नसेल तर एका माणसाचं मतही कुणी दाबू नये. इतकं चांगलं लिहिणारा माणूस 1823 ते 1858 ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता, आणि मागासलेल्या समाजांना हे तत्त्व लागू नाही असंही त्यानंच लिहिलं. म्हणजे आपल्याला नाही. आपल्या लोकांनी तरी तेच शस्त्र उचललं आणि इंग्रजांवरच उलटवलं. दादाभाई नौरोजी 1892 ला लिबरल पक्षाकडून ब्रिटिश संसदेत निवडून गेले आणि तिथं बसून सांगितलं की तुमचं राज्य तुमच्याच तत्त्वात बसत नाही.

मराठीत हा विचार आला तो नुसता उचलून आणलेला नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जोतीराव फुले थॉमस पेन हा इंग्रज लेखक वाचायचे, आणि पेन म्हणजे नुसता स्वातंत्र्यवाला नव्हे, 1797 ला त्यानं म्हातारपणी पेन्शन आणि एकवीस वर्षांच्या प्रत्येकाला सरकारकडून रोख रक्कम द्या असं सुचवलं होतं. फुल्यांनी 1882 ला शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. रानड्यांनी 1892 ला पुण्यात व्याख्यान देऊन सांगितलं की सरकारनं व्यापारात पडू नये हा इंग्रजी नियम हिंदुस्थानाला जसाच्या तसा लागू होत नाही, इथं उद्योग उभे करायला सरकार पाहिजे. गोखल्यांनी 1911 ला सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं, ते पडलं. इंग्लंडमध्ये लिबरल सरकारचा आजारपणाचा आणि बेकारीचा विमा कायदा आला तोही 1911 लाच, म्हणजे आपले लोक मागं नव्हते की ओ. रिकाम्या पोटी स्वातंत्र्य वापरता येत नाही, ही जी सामाजिक लिबरलिझमची वाट आहे ती इथं जवळपास त्याच काळात चालू झालेली. नंतर त्याच्यावर उलटा हल्ला पण झाला, 1944 ला हायेक या अर्थशास्त्रज्ञानं बजावलं की सरकारी नियोजन वाढत गेलं की माणूस गुलाम होतो, आपल्याकडं 1959 ला राजाजींचा स्वतंत्र पक्ष निघाला, पुढं ब्रिटनच्या थॅचर आणि अमेरिकेचे रेगन याच बाजूचे. 1971 ला रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं परत पारडं फिरवलं, आपण कुठल्या घरात जन्मणार हे माहीत नसताना तुम्ही समाजाचे नियम कसे कराल, असं विचारून.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना यातलं सगळ्यात जवळचं कोण, तर बाबासाहेब. त्यांनी 1947 ला घटना समितीसाठी दिलेल्या निवेदनात एक गोष्ट हेरली होती जी मिलला सुचली नव्हती. इंग्लंडात बहुमत हे राजकीय असतं, आज यांचं उद्या त्यांचं, माणसं मत बदलतात. आपल्याकडं बहुमत जन्मानं ठरतं. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसानं हे आपल्यावर लावून बघावं. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही या राज्यात (तेव्हाचं म्हैसूर, आताचं कर्नाटक) आलो, त्यानंतर किती निवडणुका झाल्या, पण विधानसभेत मराठी बोलणाऱ्यांचं बहुमत कधी होणार आहे का? कितीही चांगलं भाषण करा, होणार नाही. जिथं पटवून देऊन बहुमत मिळू शकत नाही तिथं नुसतं एक माणूस एक मत पुरत नाही, हक्क घटनेत लिहावे लागतात. म्हणून अल्पसंख्याकांची भाषा, संस्कृती आणि शाळा जपणारी कलम 29 आणि 30, आणि 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं आलेलं 350 अ, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्यानं करावी म्हणणारं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं होईल ते होईल, पण सरकारी ऑफिसात मराठीत कागद मागणारा म्हातारा खटल्याच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही, त्याचा हक्क आजचा आहे. आणि हेच मी महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या कानडी माणसाबद्दल पण म्हणणार. तिथल्या कानडी शाळेला शिक्षक मिळत नसेल तर आमच्या तोंडी इथली तक्रार शोभत नाही.

आता सगळ्यात अवघड जागा. कॅनडाचा तत्त्वज्ञ विल किमलिका यानं 1995 ला एक फरक केला तो मला पटतो. छोट्या समूहाला बाहेरच्या मोठ्या समाजापासून संरक्षण मागता येतं, पण त्याच्या नावाखाली आपल्याच माणसावर सक्ती करता येत नाही. कर्नाटक सरकारनं 1994 ला धोरण केलं की पहिली ते चौथी मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच शिकवा. ते कोर्टात गेलं आणि 2014 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की मुलाला कुठल्या माध्यमात घालायचं हे आईबापानं ठरवायचं, राज्य मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. स्वातंत्र्याच्या बाजूनं निकाल बरोबर आहे असंच मी म्हणतो. त्याच निकालामुळं इंग्रजी माध्यमाची वाट मोकळी झाली, आणि खानापूरकडच्या मराठी शाळांचा पट टिकवायचा कसा हा प्रश्न उरला तो कुठल्याच कोर्टात सुटणारा नाही. आमच्यातले काही जण म्हणतात मराठी पोरांनी मराठी शाळेतच जायला पाहिजे, नाही गेले तर गद्दार. हे मला मान्य नाही. सरकारकडं भांडून शिक्षक, इमारत, पुस्तकं वेळेवर आणायची, शाळा इतकी चांगली करायची की पोरगं स्वतःहून तिथं जाईल, एवढंच आपल्या हातात आहे, त्याच्या बापाचा हात धरायचा अधिकार ना बंगळूरला आहे ना आम्हाला.