खर्जाचा खर्च

भारी सबवूफरच्या, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या, माहितीपत्रकावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा वॉटचा असतो. १००० वॉट, २००० वॉट, क्वचित त्याहूनही जास्त. आकडा खोटा नसेलही, पण त्यावरून हाती फारसं काही लागत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: पैसे मोजून स्पीकरचा पडदा सुधारतो, खोली सुधारत नाही. आणि घरातला बेस बिघडतो तो बहुतेक वेळा खोलीमुळे.

सबवूफरचा प्रांत म्हणजे ऐकू येणाऱ्या ध्वनीची तळाची दोन सप्तकं, साधारण २० ते ८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झवर बोलते, चार तारांच्या बेस गिटारची जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास. पाइप ऑर्गनची ३२ फुटी नळी तर १६ हर्ट्झपर्यंत उतरते. तिथे ऐकणं संपून थरथर जाणवणं सुरू होतं.

इतक्या खाली आपला कान जवळजवळ बहिरा असतो. १००० हर्ट्झचा स्वर निरोगी तरुण कानाला दोन-तीन डेसिबललाच (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) ऐकू येतो. २० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यायलाच सुमारे ७८ डेसिबल लागतात. कानाचा हा पक्षपात १९३३ मध्ये बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी आलेखांत मांडला. आज त्याच धर्तीचे आलेख आयएसओ २२६ या मानकात आहेत. त्यांत एक गोष्ट चटकन नजरेत भरत नाही. १००० हर्ट्झला आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, तर २० हर्ट्झला पाचेक डेसिबलमध्येच ते काम होतं. म्हणजे खर्जात कान उशिरा जागा होतो, पण जागा झाला की एकदम हळवा होतो. मधल्या स्वरांत सहज खपून जाणारी चार-पाच डेसिबलची चूक खर्जात घुमणारा गोंगाट होऊन बसते.

आता पडद्याकडे येऊ. ध्वनीची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, की पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. जमिनीवर ठेवलेला १२ इंची सबवूफर घ्या आणि खोलीची मदत सोडून द्या. एक मीटरवर १०० डेसिबल मिळवायला ८० हर्ट्झला त्याचा पडदा मधल्या जागेपासून जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकला तरी पुरतं. ४० हर्ट्झला पाच मिलिमीटर. २० हर्ट्झला जवळपास दोन सेंटीमीटर पुढे आणि तितकाच मागे, तेही सेकंदाला वीसदा. साधा स्पीकर इथे हात टेकतो. पडद्याला हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, चुंबकाच्या फटीतून बाहेर येऊ लागली की तिच्यावरचं बल घटतं, पडद्याभोवतीची रबरी कड ताणली जाऊन जास्त जोराने मागे खेचते, आणि पडदा सांगितल्याप्रमाणे हलेनासा होतो. जर्मनीत ड्रेस्डेनला वोल्फगांग क्लिपेल यांनी ही बेशिस्त मोजायची यंत्रणा उभी केली. कॉइल किती सरकल्यावर बल किती उरतं आणि कड किती ताठरते, हे अशा यंत्रणेवर काढलेल्या आलेखांवरून दिसतं. उच्च दर्जाच्या सबवूफरमधला बराचसा पैसा हे आलेख शक्य तितके सपाट राखण्यात जातो: लांब कॉइल, अवजड चुंबक, दोन्ही दिशांना सारखीच लवणारी कड.

पण एवढा आटापिटा कशासाठी? पडदा बेशिस्त झाला की मूळ स्वराच्या पटीतले स्वर, म्हणजे हार्मोनिक, आपोआप तयार होतात. समजा सबवूफर ९० डेसिबलवर २० हर्ट्झ वाजवतोय आणि त्यात १० टक्के तिसरा हार्मोनिक मिसळलाय. हा हार्मोनिक ६० हर्ट्झचा आणि ७० डेसिबलचा. मोजपट्टीवर तो मूळ स्वरापेक्षा २० डेसिबलने खाली आहे. पण कान ६० हर्ट्झला बराच तल्लख असल्याने त्याला हा भेसळीचा स्वर मूळ स्वरापेक्षा मोठा ऐकू येतो! स्वस्त सबवूफरच्या ज्या ‘दणक्या’चं कौतुक होतं, त्यातला मोठा हिस्सा ही भेसळच असते. चांगला सबवूफर पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना तो थोडा मिळमिळीत वाटतो, त्याचंही कारण हेच.

इथे मेंदूही आपली करामत दाखवतो. ६०, ९० आणि १२० हर्ट्झचे स्वर एकत्र ऐकवले की मूळचा ३० हर्ट्झ हजर नसतानाही तोच आधारस्वर आहे असं मेंदू ठरवून टाकतो. लहानशा ब्लूटूथ स्पीकरमध्ये बेस असल्याचा भास होतो तो बऱ्याच अंशी याच जोरावर. स्वराची ओळख अशी पटते, फक्त छातीवर येणारा दाब मिळत नाही.

पेटीचं शास्त्रही जुनं आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरणारा स्पीकर आणला आणि खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागते हा समज मोडला. दुसरा मार्ग भोक असलेल्या, म्हणजे पोर्टेड पेटीचा. तिच्यात पेटीतली हवा आणि नळीतली हवा मिळून एका ठरावीक वारंवारतेला घुमते आणि पडद्याचे कष्ट वाचवते. त्या वारंवारतेच्या खाली मात्र आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. बंद पेटीत १२ डेसिबलने. कोणती चांगली यावर हौशी मंडळी तासन्‌तास भांडतात. लहान, बंदिस्त खोलीत तळाचा दाब खोलीच वाढवून देते आणि बंद पेटीची उतरण बरीचशी भरून काढते, त्यामुळे तिथे माझा कौल बंद पेटीला. मोठी जागा असेल आणि मुख्य ओढ सिनेमाची असेल, तर पोर्टेड पेटी त्याच वॉटमध्ये जास्त काम करते.

वॉटचं कोडं सुटतं ते जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ तो हाच. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत जास्त आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. आज सर्वांना पेटी लहान हवी आणि खर्जही खोल हवा, म्हणून तिसऱ्या गोष्टीचा बळी जातो आणि अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट फुगतात. दोन हजार वॉट ही पुष्कळदा आवाजाची नव्हे, तर पेटी लहान ठेवल्याची किंमत असते. तुलनाच करायची तर वॉटऐवजी सीटीए-२०१० या मानकानुसार केलेल्या चाचणीचे आकडे शोधावेत. भेसळ ठरलेल्या मर्यादेबाहेर जाण्याआधी सबवूफर प्रत्येक वारंवारतेला किती डेसिबल देऊ शकतो, हे त्यांत कळतं.

काही निर्माते पडद्याच्या हालचालीवर थेट पाळत ठेवतात. व्हेलोडाइन कंपनीच्या सर्वो सबवूफरमध्ये त्वरणमापक पडद्याची प्रत्यक्ष हालचाल मोजतो. ती मूळ संकेताशी ताडून चूक त्याच क्षणी दुरुस्त केली जाते. जाता जाता, याच कंपनीचे संस्थापक डेव्हिड हॉल पुढे स्वयंचलित मोटारींच्या छपरावर फिरणाऱ्या लायडारसाठी (लेसरने अंतर मोजणाऱ्या यंत्रासाठी) जगभर ओळखले गेले.

इथपर्यंत पैशाचं काम चोख आहे. हा निर्दोष सबवूफर खोलीत ठेवला की मात्र हिशेब बदलतो.

३४ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १० मीटर. पाच मीटर लांबीच्या खोलीत तिचा बरोब्बर अर्धा तरंग मावतो, म्हणून समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग उभा राहतो. त्या वारंवारतेला दोन्ही भिंतींजवळ दाब सर्वांत जास्त, आणि खोलीच्या ऐन मध्यावर जवळजवळ शून्य. सोफा मध्यावर असेल तर ३४ हर्ट्झचा स्वर गायब; तोच सोफा मागच्या भिंतीला टेकवला तर तोच स्वर घुमायला लागतो. चार मीटर रुंदीचा असाच तरंग ४३ हर्ट्झला, तीन मीटर उंचीचा ५७ हर्ट्झला. शिवाय यांच्या पटी आणि मिश्रणं. एकाच खोलीत दोन खुर्च्यांवर २० डेसिबलचा फरक पडणं यात नवल नाही, आणि मघाचा तो हळवा कान आठवला तर हा फरक केवढा भासेल याचा अंदाज येईल. याच्यापुढे दोन भारी सबवूफरमधला फरक किरकोळ ठरतो.

गालिचे आणि खिडक्यांचे पडदे इथे कुचकामी. सच्छिद्र वस्तूने तरंग नीट शोषायला तिची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिस्स्याच्या आसपास लागते. ३४ हर्ट्झसाठी अडीच मीटर. खोलीचा दोष मोजून संकेतातच दुरुस्ती करणारी, म्हणजे रूम करेक्शनची, इलेक्ट्रॉनिक्स जास्त उपयोगाची, पण एकाच बाजूने. जिथे आवाज फुगलाय तिथे ती छाटू शकते, आणि छाटल्यावर स्वराचं रेंगाळणंही कमी होतं. जिथे खड्डा आहे तिथे मात्र भर घालून फायदा नाही. १० डेसिबल वाढवायला दहापट शक्ती लागते, पडदा तिप्पट हलतो, आणि खड्डा जागचा हलत नाही. कारण परतून येणारा तरंगही तितकाच वाढलेला असतो.

मग उपाय काय? जागा बदलणं, आणि एकाऐवजी दोन ठेवणं. हार्मन कंपनीत संशोधन करणाऱ्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसाठी याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. चार भिंतींच्या मध्यांवर चार सबवूफर ठेवले तर आसनागणिक पडणारा फरक खूप कमी होतो, चारांपुढे जाऊन फारसा फायदा नाही, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी निकाल जवळपास तसाच. यामागचं कारण सुरेख आहे. लांबीच्या पहिल्या स्थिर तरंगात एका भिंतीशी दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या भिंतीशी घटतो. दोन्हीकडून एकाच तालात ढकललं तर ते त्या तरंगाला उलटसुलट चालना देतात आणि तो उभाच राहत नाही. रुंदीच्या पहिल्या तरंगाचा शून्यबिंदू भिंतीच्या मध्यावर, म्हणजे नेमका सबवूफरच्या जागी. तिथून तोही चेतत नाही. म्हणून एका अतिमहाग पेटीपेक्षा त्याच पैशात दोन मध्यम पेट्या घ्याव्यात असं मी म्हणेन. दोन्ही मिळून आवाजही ६ डेसिबलपर्यंत वाढतो, म्हणजे तेवढ्याच आवाजाला प्रत्येक पडदा निम्माच हलतो आणि भेसळ आपोआप उतरते.

एकच असेल तर जुनी युक्ती करून बघा. सबवूफर उचलून ऐकण्याच्या खुर्चीत ठेवायचा, एखादी चढती-उतरती बेसची धून लावायची आणि भिंतीकडेने जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा. दिसायला हास्यास्पद, पण पाया पक्का: ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी मधल्या वाटेचा परिणाम तोच राहतो, हे एकोणिसाव्या शतकातच हेल्महोल्ट्झ यांनी दाखवलं होतं.

मुख्य स्पीकरशी सांधा जुळवण्यासाठी बहुतेक ठिकाणी ८० हर्ट्झची सीमा वापरतात: तिच्या खालचे स्वर सबवूफरला, वरचे मुख्य स्पीकरला. टीएचएक्स या सिनेमाच्या ध्वनिमानकासाठी टॉमलिन्सन होल्मन यांनी रूढ केलेली. याच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला नीट सांगता येत नाही. तरी सबवूफर कुठे आहे ते कळत असेल, तर बहुधा त्याचे हार्मोनिकच चुगली करत असतात. सांध्यापाशी वेळही जुळावी लागते. ८० हर्ट्झच्या एका आवर्तनाला १२.५ मिलिसेकंद लागतात. त्याच्या निम्म्या वेळेची चूक, म्हणजे दोन मीटरहून थोड्या जास्त अंतराची चूक झाली, तर सबवूफर आणि स्पीकर एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. रिसीव्हरने, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राने, स्वतः मोजमाप करून सबवूफर प्रत्यक्षापेक्षा दोन मीटर लांब दाखवला तर टेप घेऊन तो आकडा ‘सुधारू’ नका. सबवूफरच्या आतल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो, आणि यंत्राने तो उशीरच अंतरात बदलून मांडलेला असतो.

राहता राहिले शेजारी. भिंतीची ध्वनी अडवायची ताकद वारंवारता निम्मी झाली की साधारण ६ डेसिबलने घटते, म्हणून पलीकडे संवाद पोचत नाहीत, फक्त धमधम पोचते. पायांखालचे रबरी ठोकळे पेटीची थरथर फरशीत उतरू देत नाहीत, पण हवेतून जाणाऱ्या आवाजाला ते काही करू शकत नाहीत. पाठीला पाठ लावून बसवलेल्या दोन पडद्यांच्या सबवूफरमध्ये एकाचा धक्का दुसरा रद्द करतो, त्यांना या ठोकळ्यांचीही फारशी गरज नसते. शेजाऱ्यांना खरा आराम मिळतो तो ३४ किंवा ४३ हर्ट्झचा फुगवटा छाटल्यावर, कारण भिंतीपलीकडे सर्वांत जास्त पोचतो तो बहुधा तोच.