डिफ्रॉस्टची दोन बटणं: एक वाऱ्याचं, एक विजेचं

बऱ्याच पिकअपच्या डॅशबोर्डवर एसीच्या नॉबजवळ डिफ्रॉस्टची, म्हणजे काचेवरची वाफ घालवणारी, दोन बटणं शेजारीशेजारी असतात. दोन्हींवर खालून वर जाणाऱ्या तीन नागमोडी रेषा, रेषांच्या टोकाला बाण. फरक फक्त चौकटीचा. एकाची चौकट वर फुगीर, पंख्यासारखी पसरलेली असते, दुसऱ्याची साधी आयताकृती. फुगीर म्हणजे पुढची काच, आयत म्हणजे मागची. शोरूमच्या लख्ख उजेडात निवांत बसून पाहिलं तर यात घोळ होण्यासारखं काही दिसत नाही. पण या बटणांची गरज पडते ती पावसात, रात्री, समोरचा रस्ता डोळ्यांदेखत धूसर होत असताना. त्या वेळी बोटाला दोन्ही बटणं सारखीच लागतात. चुकीचं दाबलं तरी त्यातला दिवा इमानदारीत लागतो, आणि आपण काच साफ होण्याची वाट बघत बसतो.

ही चित्रं गाड्यांच्या बटणांवरची चिन्हं ठरवणाऱ्या आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकातली आहेत, त्यामुळे सगळीकडे जवळपास सारखीच. माझी तक्रार चित्रांच्या कल्पनेबद्दलच आहे. ती काचेचा आकार दाखवतात, बटण काय करतं ते दाखवत नाहीत. आणि काम तर अगदी वेगळं आहे: पुढचं बटण वाऱ्याचं, मागचं विजेचं.

पुढचं बटण दाबलं की डॅशबोर्डच्या पोटात तीन-चार गोष्टी एकदम घडतात. आतली झडप फिरून सगळी हवा काचेकडे वळते. ब्लोअर वाढतो. आतलीच हवा फिरवत ठेवणारी सोय बहुतेक गाड्यांत आपोआप बंद होते आणि बाहेरची हवा आत येऊ लागते. शिवाय एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो, आणि लोक चिडतात ते यावरच. थंडीत एसी कशाला, म्हणून कित्येक जण तो लगेच बंद करतात. पण इथे एसी गारव्यासाठी लागलेला नसतो. काचेवरची वाफ म्हणजे आपल्या श्वासातला आणि ओल्या कपड्यांतला ओलावा. एसीच्या गार कॉइलवरून जाताना हवेतलं पाणी तिथेच गळून पडतं. गाडीखाली टपकतं ते हेच पाणी. मग ती कोरडी हवा हीटरवरून गरम होऊन काचेवर येते. कोरडी आणि गरम, दोन्ही असली तरच काच भराभर साफ होते. कडाक्याच्या थंडीत कॉम्प्रेसर मुळात चालूच होत नाही, पण त्या थंडीत बाहेरची हवाही कोरडीच असते, त्यामुळे काम अडत नाही.

एका बाबतीत मात्र हेच बटण उलटं पडतं. दमट, उबदार हवेत तापमान अगदी खाली ठेवून हे बटण दाबलं तर काच गार पडते आणि वाफ बाहेरच्या बाजूने धरते. आतून बोट फिरवून पाहावं. रेघ उमटली नाही तर वाफ बाहेर आहे. मग वायपर फिरवायचा, तापमान वाढवायचं आणि हवेचा झोत काचेवरून काढायचा.

मागच्या बटणाचा हवेशी काही संबंध नाही. मागच्या काचेवर ज्या आडव्या बारीक रेषा दिसतात, त्या वीज वाहून नेणाऱ्या आहेत. बटण दाबलं की त्यांतून करंट जातो, काच तापते, ओलावा उडतो. हे काम भरपूर करंट ओढतं, म्हणून त्याला टायमर असतो. साधारण दहा-पंधरा मिनिटांनी ते आपणहून बंद होतं. पुढचं बटण तुम्ही बंद करेपर्यंत चालूच. एकसारखी चित्रं, पण एक सांगितल्यावर थांबतं आणि दुसरं न सांगताच. बटण बिघडलंय असं वाटून मेकॅनिककडे गेलेले लोक असणारच.

गाडी थंड असताना आधी मागची काच साफ होते ती विजेमुळेच. वीज लगेच तापवते, हीटरला मात्र इंजिन तापेपर्यंत थांबावं लागतं. डिझेल पिकअपमध्ये ही वाट आणखी लांबते.

आता पिकअपची खास भानगड. हिची मागची काच लहान, जवळजवळ उभी आणि मागे बसणाऱ्यांच्या डोक्याला लागून. त्यामागे हौद्यात माल रचलेला असला किंवा वर टप बसवलेला असला, तर काच कितीही लख्ख झाली तरी दिसायचं काय? माल. तेव्हा सगळी भिस्त बाजूच्या आरशांवर. आणि आरसे तापवण्याची सोय असेल तर बहुतेक वेळा ती त्याच आयताच्या बटणाला जोडलेली असते! काही ठिकाणी आयताशेजारी आरशाचं छोटं चित्र असतं, काही ठिकाणी तेही नाही. म्हणजे माल भरलेल्या पिकअपमध्ये पावसात जे बटण सगळ्यात उपयोगाचं, त्यावर सगळ्यात निरुपयोगी काचेचं चित्र. मागचं काही दिसत नाही म्हणून ते बटण न दाबणारे चालक आरसे रुमालाने पुसत बसतात.

अमेरिकेत १०३ क्रमांकाचा वाहन सुरक्षा नियम पुढच्या काचेसाठी डिफ्रॉस्टची सक्ती करतो. मागची काच त्यात येत नाही. त्यामुळे तिथल्या स्वस्त, कामाच्या पिकअपमध्ये मागची काच तापवण्याच्या सोयीला बऱ्याचदा वेगळे पैसे मोजावे लागतात.

निदान ही बटणं हाताने चाचपडता तरी येतात. रिव्हियन आर१टी आणि टेस्ला सायबरट्रक या पिकअपमध्ये एसीचा सगळा कारभार स्क्रीनवर आहे, हवेच्या झोताची दिशासुद्धा. म्हणजे फुगीर आणि आयत यांतला फरक आता हलत्या गाडीत, स्क्रीनवरच्या चित्रात डोळ्यांनी शोधायचा. हातमोजे घातले असतील तर आणखी मजा. २०२२ साली स्वीडनच्या ‘व्ही बीलेगारे’ मासिकाने ताशी ११० किलोमीटर वेगात अशीच चाचणी घेतली होती. चालकांना चार कामं दिली होती, त्यांतल्या एकात डिफ्रॉस्ट सुरू करणं होतं. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वो व्ही७० मध्ये चारही कामं १० सेकंदांत उरकली; तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या, स्क्रीनवाल्या एमजी मार्व्हल आरला ४४.९ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. त्या गाड्या पिकअप नव्हत्या, पण स्क्रीन ती स्क्रीनच.

गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेऊन गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर काही गोष्टींसाठी खरी बटणं किंवा दांडे मागितले आहेत: इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि एसओएस, म्हणजे संकटात मदत मागण्याची सोय. डिफ्रॉस्ट त्या यादीत नाही. वायपर काचेची बाहेरची बाजू पुसतो, आतली बाजू या बटणाशिवाय साफ होत नाही. तरी एकाला दांडा आणि दुसऱ्याला स्क्रीनचा मेन्यू, हे काही मला पटत नाही.

बटणवाली पिकअप असेल तर एक स्वस्त इलाज आहे. फुगीर चौकटीच्या बटणावर रबराचा छोटा उंचवटा चिकटवायचा. अंधारात बोटाला तो लागला की पुढची काच, गुळगुळीत लागलं की मागची काच आणि आरसे.