रेडीरेकनरचा आकडा आणि जुन्या फ्लॅटचा बाजारभाव

कोथरूडमधल्या १९८७ सालच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला टू बीएचके विकायला काढलाय असं धरू. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ५५० चौरस फूट, मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, किटकॅट फ्यूजचा बोर्ड आणि भिंतीत गंजलेले जीआय पाइप. भाव ठरवताना घरमालक दोन आकड्यांची सरमिसळ करतात.

रेडीरेकनर म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक मूल्यदर तक्ता. तो मुद्रांक शुल्कासाठी आहे. त्याला इमारतीचं वय कळतं, घराची अवस्था कळत नाही. नवं प्लंबिंग केलेला फ्लॅट आणि गळकी नहाणी असलेला फ्लॅट त्याच्या लेखी सारखेच.

वयाचा घसारा, म्हणजे इमारत जुनी झाल्याबद्दलची घट, मिळतो, पण पूर्ण दरावर नाही. समजा दर १,००,००० रुपये चौरस मीटर आहे, त्यात खुल्या जमिनीचा दर ५०,००० आणि घसारा ४० टक्के. जमीन झिजत नाही, म्हणून घसारा फक्त वरच्या ५०,००० वर बसतो: ३०,००० अधिक ५०,००० म्हणजे ८०,०००. घसारा चाळीस टक्के, उतार मात्र वीसच. पुढची गफलत मापात होते. हा दर बिल्ट-अपचा, म्हणजे भिंतींची जाडी धरून मोजलेल्या क्षेत्राचा, आणि चौरस मीटरचा; १०.७६४ ने भागलं की साधारण ७,४३० रुपये चौरस फूट. बाजारात सगळे कार्पेटचा भाव बोलतात. त्यामुळे हे दोन आकडे थेट शेजारी ठेवणं चूकच.

बाजारभाव उलट्या बाजूने काढायचा. वेबसाइटवरच्या जाहिरातीत दिसते ती मागणी, झालेला व्यवहार नव्हे. विभागाच्या ई-सर्चवर त्याच सोसायटीतले किंवा त्याच गल्लीतले गेल्या सहा-आठ महिन्यांतले इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांचे उतारे, काढा. मजला, पार्किंग आणि क्षेत्रफळ ताडून पाहा. समजा तशाच आकाराचा, सगळं काम केलेला फ्लॅट ७५ लाखांना गेला. आपल्या घराचं प्लंबिंग, वायरिंग, दोन्ही नहाण्या, ओटा आणि फरशी यांचं अंदाजपत्रक ९ लाख आलं.

मग ६६ लाख मिळतील? नाही. गिऱ्हाईक फोडाफोडीत निघणाऱ्या जास्तीच्या कामाचे १५ टक्के, म्हणजे १ लाख ३५ हजार, धरतं. काम चालू असताना चार महिने दुसरीकडे २५,००० भाडं, तो आणखी एक लाख. हिशेब ६३ लाख ६५ हजारांवर येतो. घासाघिशीला तीन-चार टक्के ठेवून ६६ लाख सांगावेत. ७५ सांगून बसलं की तीन महिन्यांत फ्लॅट ‘पडून असलेला’ ठरतो आणि मग ६३ सुद्धा कोणी देत नाही.

विकायच्या आधी अर्धवट दुरुस्तीही करू नका. जुन्या पाइपांवर दीड लाखाची नवी टाइल लावली तर घेणारा ती फोडणारच. तिचे पैसे तो का देईल? गळती थांबवा, दिवे-नळ चालू ठेवा, माळे रिकामे करा. एवढं पुरे.

रेडीरेकनर मग लागतो कुठे? मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडीरेकनर यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. करार रेडीरेकनरपेक्षा खाली झाला तर आयकरात साधारण १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्यापुढे विकणारा आणि घेणारा दोघांनाही कर लागू शकतो. म्हणून ठरलेली किंमत शेवटी एकदा त्याच्याशी ताडून पाहायची.

सोसायटीचा पुनर्विकास करार नोंदवला गेला असेल, तर वरची सगळी वजाबाकी बाद. गंजलेल्या पाइपांचं तेव्हा कोणालाच काही नसतं. नव्या इमारतीत किती कार्पेट मिळणार एवढंच विचारतात. मात्र नुसती ‘बिल्डर येऊन गेला’ अशी चर्चा असेल, तर तिचा एक रुपयाही भावात धरू नका.