किती वॉट? पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या निवडीमागचा इतिहास

घरातल्या हाय-फाय संचासाठी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे स्पीकर चालवण्याइतकी शक्ती संकेताला देणारे उपकरण, निवडताना बहुतेक जण सर्वांत आधी वॉटचा आकडा पाहतात. हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो निवडीच्या अग्रभागी आला तो बऱ्याच उशिरा, आणि त्यालाही कारण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये झालेल्या बदलांपेक्षा स्पीकरमध्ये झालेले बदल अधिक होते. अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला ‘जुळतो’ म्हणजे नेमके काय, याचा अर्थ गेल्या शंभर वर्षांत किमान तीनदा बदलला आहे.

ली डी फॉरेस्ट यांचा ऑडिऑन व्हॉल्व्ह (संकेत मोठा करणारी निर्वात काचनळी) १९०६ सालचा; चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पाया असलेली चल-वेटोळ्याची रचना १९२५ मध्ये मांडली. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांची सांगड घालताना अडचण अशी होती की व्हॉल्व्हला हजारो ओहमचा (ओहम हे विद्युत-विरोधाचे एकक) भार सोसतो, तर स्पीकरचे वेटोळे जेमतेम काही ओहमचे असते. त्यामुळे मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवावा लागे आणि त्याच्या मागच्या बाजूला ४, ८ व १६ ओहमची वेगवेगळी टोके काढलेली असत. स्पीकरची तार योग्य टोकाला जोडणे, एवढाच त्या काळी जुळणीचा अर्थ होता. शक्तीची चणचण फारशी नव्हती, कारण चित्रपटगृहांतले मोठे कर्णे अत्यंत कार्यक्षम होते. १९३०च्या दशकातल्या ‘३००बी’ या प्रसिद्ध ट्रायोडपासून (तीन इलेक्ट्रोडांच्या व्हॉल्व्हपासून) एकेरी जोडणीत, म्हणजे एकच व्हॉल्व्ह वापरून, सुमारे ८ वॉट मिळत आणि अशा कर्ण्यांना ते पुरत.

हॅरॉल्ड ब्लॅक यांना बेल प्रयोगशाळेत काम करत असताना १९२७ मध्ये निगेटिव्ह फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा काही अंश उलटा करून इनपुटला परत देऊन चुका कमी करण्याची, कल्पना सुचली, तिचे घरगुती संगीतातले फळ दिसायला वीस वर्षे लागली. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात प्रसिद्ध केलेल्या आराखड्याने १५ वॉटला ०.१ टक्क्याहून कमी विकृती (मूळ संकेतात पडणारी भेसळ) शक्य करून दाखवली. विकृती घटली तसाच अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत इंपीडन्सही (बदलत्या प्रवाहाला होणारा, ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) घटला. परिणामी स्पीकरचा इंपीडन्स कंप्रतेनुसार वरखाली झाला तरी त्याला मिळणारे व्होल्टेज जवळपास स्थिर राहू लागले. आधुनिक स्पीकरांची रचना बहुतांशी हेच गृहीत धरून केलेली असते. म्हणूनच फीडबॅक नसलेला, दोन-तीन ओहम अंतर्गत इंपीडन्सचा ट्रायोड अ‍ॅम्प्लिफायर आजच्या एखाद्या स्पीकरला जोडला, तर स्पीकरच्या इंपीडन्सचा आलेखच आवाजाच्या समतोलावर उमटतो. काहींना तो आवाज आवडतो, आणि त्यात काही गैर नाही. मात्र तो दोघांच्या संयोगातून आलेला आहे, हे ओळखून निवड करावी.

खरे वळण आले १९५४ मध्ये. एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून ‘एआर-१’ हा स्पीकर बनवला आणि लहान पेटीतून खोल खर्ज मिळू लागला. त्याची किंमत कार्यक्षमतेने मोजावी लागली. खोल खर्ज, लहान पेटी आणि उच्च कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. त्यांतल्या दोन निवडल्या की तिसरी सोडावी लागते. १९५८च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, खोलीत एकाऐवजी दोन स्पीकर ठेवणे भाग पडले आणि साहजिकच लहान पेटीचे पारडे जड झाले. या बदलाचे परिमाण साध्या हिशेबाने समजते. एका वॉटला एक मीटरवर १०० डेसिबल देणारा कर्णा ८ वॉटवर १०९ डेसिबलपर्यंत जातो. तीच पातळी ८५ डेसिबलच्या छोट्या स्पीकरकडून हवी असेल, तर सुमारे २५० वॉट लागतात. शक्ती दुप्पट केल्याने मिळतात फक्त ३ डेसिबल, त्यामुळे १०० वॉट आणि १२० वॉट यांतला फरक कानाला जवळजवळ कळत नाही. माझ्या मते स्पीकरची संवेदनशीलता (एका वॉटला एक मीटरवर मिळणारे डेसिबल) आणि ऐकण्याचे अंतर ठाऊक नसताना वॉटची चर्चा करणे व्यर्थ आहे.

ही वाढलेली भूक ट्रान्झिस्टरने भागवली. १९६७च्या ‘क्राउन डीसी-३००’ने दर चॅनेलला १५० वॉट दिले आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर कालबाह्य ठरला. पाठोपाठ जाहिरातींत क्षणिक शक्तीचे फुगवलेले आकडे आले. अखेर १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शक्ती सांगताना भार, कंप्रताव्याप्ती आणि विकृती नमूद करणे बंधनकारक केले.

तोवर दुसरा प्रश्न उभा राहिला होता. स्पीकरवर लिहिलेले ८ ओहम हे नाममात्र असतात. काही कंप्रतांना तोच स्पीकर ३ ओहमपर्यंत उतरतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला कितीतरी अधिक प्रवाह मागतो. १९८०च्या दशकातल्या ‘अपोजी सिंटिला’ या रिबन (वेटोळ्याऐवजी धातूच्या पातळ पट्टीने आवाज काढणाऱ्या) स्पीकरचा भार तर १ ओहमच्या आसपास होता. ८ ओहमला १०० वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला २००च्या जवळ जातो की १३०वरच थांबतो, हे पाहण्याची सवय याच काळातली आहे. त्यावरून वीजपुरवठ्याची आणि आउटपुट ट्रान्झिस्टरांची खरी ताकद समजते.

जुळणीची एक बाजू मात्र अजूनही दुर्लक्षित राहते, ती म्हणजे इनपुटची. ‘क्वाड २’ या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण १५ वॉटसाठी सुमारे १.४ व्होल्ट लागत, तर १९७५च्या ‘क्वाड ४०५’ला १०० वॉटसाठी अर्धा व्होल्ट पुरे. १९८२ मध्ये आलेल्या सीडी प्लेअरचे आउटपुट सुमारे २ व्होल्ट होते. इतका सशक्त संकेत संवेदनशील इनपुटला मिळाल्यावर आवाजाचे बटण जरासे फिरवताच खोली दणाणते आणि उपयोगी पट्टा अगदी थोडा उरतो. शिवाय अनावश्यक गेनमुळे (संकेत किती पट मोठा होतो, त्या प्रमाणामुळे) पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी येणाऱ्या प्री-अ‍ॅम्प्लिफायरची खरखरही वाढून ऐकू येते. आजच्या काही पॉवर अ‍ॅम्प्लिफायरांच्या मागे गेन कमी-जास्त करण्याचा स्विच असतो, तो याच विसंगतीवरचा उपाय आहे.