सल्लागार कोण, वितरक कोण?

बचत कुठे ठेवायची हे सांगणारा माणूस आपल्याकडे पूर्वीपासून आहे. कधी तो विम्याचा एजंट होता, कधी पोस्टातल्या योजनांचा. 1993 मध्ये म्युच्युअल फंडाचं क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, तेव्हा त्याच्या बॅगेत फंडांचे फॉर्मही आले. सांगणं आणि विकणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यालाही जाणवत नव्हतं आणि त्याच्या ग्राहकांनाही.

या दोन कामांचा आजचा गुंता 1 ऑगस्ट 2009 पासून सुरू होतो. तोवर फंडात लाख रुपये घातले की एन्ट्री लोडपोटी, म्हणजे फंड विकणाऱ्या वितरकाचा मोबदला ज्यातून निघे त्या प्रवेशशुल्कापोटी, 2.25 टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण 2,200 रुपये, आधीच कापले जात. बाजाराचा नियामक असलेल्या ‘सेबी’ने ही कपात बंद केली. वितरकाच्या कामाचे पैसे ग्राहकाने त्याला वेगळे द्यावेत, अशी अपेक्षा होती. तसे चेक फारसे कोणी फाडले नाहीत. लहान गावांतल्या अनेकांनी हा व्यवसायच सोडला. टिकले ते बहुतांशी ट्रेल कमिशनवर, म्हणजे योजनेच्या खर्चातून दरवर्षी मिळणाऱ्या आणि ग्राहकाला सहजी न दिसणाऱ्या पैशांवर.

2013 च्या जानेवारीत कमिशन नसलेले डायरेक्ट प्लॅन आले आणि एप्रिलपासून गुंतवणूक सल्लागारांची स्वतंत्र नियमावली लागू झाली. फी घेतो तो सल्लागार, कमिशन घेतो तो वितरक, अशी सरळ वाटणी दिसत होती. पण वितरकाला आपल्या मूळ कामाच्या ओघात ‘आनुषंगिक’ सल्ला देण्याची सूट राहिली, आणि सगळं घोडं या एका शब्दापाशी अडलं. वितरक घरी येतो, मुलीच्या शिक्षणाला किती वर्षं आहेत ते विचारतो, जुना फंड पाहतो आणि म्हणतो, ‘‘हा काढा, यातली एसआयपी वाढवा.’’ यातला आनुषंगिक सल्ला कोणता आणि मुख्य कोणता? ग्राहकाच्या दृष्टीने तो सगळा सल्लाच असतो, आणि तोही फुकट मिळालेला. 2016 ते 2018 या काळात नियामकाने या प्रश्नावर तीनदा मसुदे काढून हरकती मागवल्या.

2020 च्या सप्टेंबरअखेर नवे नियम लागू झाले. एकाच ग्राहकाला सल्ला आणि वितरण दोन्ही देता येणार नाही. त्याच्यावर अवलंबून असलेलं कुटुंबही त्यातच धरायचं. सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाने स्वतःला ‘स्वतंत्र वित्त सल्लागार’ म्हणवून घ्यायचं नाही. कित्येकांना व्हिजिटिंग कार्डं नव्याने छापावी लागली. तत्त्व म्हणून हे योग्यच होतं. पण त्याच फटक्यात सल्लागारासाठी पदव्युत्तर शिक्षण, पाच वर्षांचा अनुभव, 5 लाखांची नक्त मालमत्ता आणि फीवर मर्यादा आली. ठरावीक फी असेल तर एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त सव्वा लाख. एकट्याने काम करणाऱ्या प्रामाणिक माणसावर कागदपत्रं आणि ऑडिटचा एवढा बोजा टाकणं ही माझ्या मते मोठी चूक होती. फीवर 18 टक्के जीएसटी, तोही बिलावर ढळढळीत दिसणारा. कमिशन दिसत नाही म्हणून स्वस्त वाटतं, ही सल्लागारांची जुनी अडचण त्याने आणखी वाढवली. देशात वितरक लाखाहून अधिक झाले, नोंदणीकृत सल्लागार मात्र हजाराच्या आसपासच घुटमळत राहिले.

2024 च्या डिसेंबरमध्ये माघार घेतली गेली. आता पदवी पुरते, अनुभवाची अट गेली, नक्त मालमत्तेऐवजी लहान सल्लागारासाठी लाखभराची ठेव आली. पाठोपाठ ठरावीक फीची मर्यादाही 1,51,000 रुपये झाली. यामागे समाजमाध्यमांवरून बेधडक टिपा देणाऱ्यांची धास्तीही होती. 2024 च्याच ऑगस्टमध्ये सेबीकडे नोंदणी असलेल्या संस्थांना अशा बिननोंदणी सल्लेबाजांशी संबंध ठेवायला बंदी झाली होती.

एवढ्या बदलांत वितरकाची ‘आनुषंगिक’ सल्ल्याची सूट मात्र तशीच राहिली.