‘बंद कालवा’ म्हणजे नेमका कोणता? कालव्याकाठच्या सायकलवाटेची पार्श्वभूमी

पॅरिसमध्ये १९९३ साली आणि न्यूयॉर्कमध्ये २००९ साली जुन्या रेल्वेमार्गावर चालण्याची वाट सुरू झाली. शहराच्या पोटातून जाणारा सलग पट्टा आणि जाणवणार नाही इतका मंद चढ हे तिथे आयतंच मिळालं. पुण्यात हे दोन्ही गुण खडकवासला धरणातून निघणाऱ्या दोन मुठा कालव्यांकडे आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या काठाने सायकलवाट करावी अशी मागणी होते. पाणी आपोआप वाहायला हवं, म्हणून कालवा टेकड्यांच्या पायथ्याने, जमिनीची पातळी धरत वळत जातो. म्हणूनच त्याच्या काठाने सायकल चालवताना दम लागत नाही.

खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं. उजवा कालवा पर्वतीजवळून हडपसरकडे गेला, तर डावा वारजे, कर्वेनगर, एरंडवण्याच्या बाजूने खडकीकडे. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१, सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर उजव्या बाजूला नवा कालवा झाला. जुन्या उजव्या कालव्याला हडपसरकडे ‘बेबी कॅनॉल’ म्हणतात.

खरा गुंता ‘बंद कालवा’ या शब्दात आहे. डावा कालवा बंद आहे म्हणजे वापरातून गेला आहे. शहरातल्या त्याच्या पट्ट्याला लोक आज ‘कॅनॉल रस्ता’ म्हणतात. उजवा कालवा बंद करायचा म्हणजे बंदिस्त करायचा, त्यातलं पाणी जमिनीखालून न्यायचं. पिण्याच्या पाण्याची ‘बंद जलवाहिनी’ ही आणखी तिसरीच गोष्ट. बैठकीत एक जण डाव्याबद्दल बोलतो, दुसरा उजव्याबद्दल, आणि दोघांच्याही तोंडी शब्द एकच. मग ‘बंद कालव्यावर वाट करा’ या साध्या मागणीला ‘पाणी वाहतंय, कशी करणार?’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर उजव्याला लागू आहे, डाव्याला नाही. माझ्या मते सायकलवाट रखडायला पैशाइतकाच हा शब्दही कारण आहे.

डाव्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न नावाचा. ‘रस्ता’ म्हटलं की गाड्या आल्या, पार्किंग आलं, आणि सायकल कडेला गेली. जमीन सिंचनासाठी घेतलेली, वापर मात्र शहराचा. त्यामुळे झाड कुणी तोडायचं, दिवा कुणी लावायचा, टपरी कुणी हटवायची, याची टोलवाटोलवी आजही चालते.

सायकलींचं शहर ही ओळख पुसत चालल्यावर नियोजनाला जाग आली. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने गाड्यांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिलं. त्याच सुमारास कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गाच्या कडेने सायकल ट्रॅक आखले गेले. पण चौकात आणि बसथांब्यापाशी ते तुटायचे, आणि मधल्या तुकड्यांत दुचाक्या घुसायच्या. डिसेंबर २०१७ मध्ये सुमारे ८२४ किलोमीटरच्या सायकल आराखड्याला मंजुरी मिळाली. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही आल्या आणि काही वर्षांत रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. आराखड्याचा भर रस्त्याच्या कडेवर होता. चौकांनी कमी तुटणारा कालव्याचा पट्टा त्यात मुख्य धागा व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

२७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि पाणी वस्तीत शिरलं. घरं गेली, संसार वाहून गेले. त्यानंतर काठाची चर्चा सुरक्षिततेच्या अंगाने होऊ लागली, आणि ते योग्यच होतं. काठावर राहणाऱ्यांचं पुनर्वसन ठरल्याशिवाय तिथे फरसबंदी टाकणं अन्याय ठरेल. उजव्या कालव्याचं पाणी जमिनीखालून नेणाऱ्या खडकवासला ते फुरसुंगी या बोगद्याची योजना पुढे सरकली, तसं मोकळ्या होणाऱ्या जागेवर डोळे लागले. कुणाला तिथे मोटारींचा समांतर रस्ता हवा आहे, कुणाला चालण्याची वाट.

बोगद्यातून पाणी वाहू लागेपर्यंत उजव्या कालव्याला हात लावता येणार नाही. डाव्या कालव्यात थांबण्यासारखं काहीच नाही. तिथे वारजे ते एरंडवणे हा पट्टा आधी मोजून, त्यावर मोटारींना मज्जाव करण्याचा निर्णय आजही घेता येईल.