मगर म्हणजे मानगें

गोव्यात फोंड्याला बहिणीकडे मुक्कामाला गेले की रात्री जेवणं आटोपल्यावर चार वर्षांची भाची पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसते. गेल्या पावसाळ्यात माकड आणि मगरीची गोष्ट वाचायला घेतली. ‘नदीत एक मगर राहत होती,’ एवढं वाचलं आणि तिनं मला थांबवलं. “मगर म्हळ्यार कितें?”

“मानगें.”

तिचे डोळे विस्फारले. मानगें तिच्या ओळखीचं. खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या गावांत चिखलाचं मानगें करून पुजतात, ते तिनं आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेलं. पुढची गोष्ट तिनं श्वास रोखून ऐकली. माकडाचं काळीज मगरीला हवं असतं, तिथे तर तिनं माझा हातच घट्ट धरला. काळीज दोन्ही भाषांत काळीजच.

आमच्यासारख्या बऱ्याच गोमंतकीय घरांत बोलणं कोकणीत चालतं आणि आरती, भजन, सकाळचं वर्तमानपत्र, लग्नपत्रिका मराठीत. या दोन भाषांच्या नात्यावरून इथे पुष्कळ वाद झाले, त्यात मी शिरत नाही. मला पडलेला प्रश्न साधा आहे. घरात जी भाषा बोलली जात नाही, तिच्यातलं पुस्तक मुलाला आवडेल कसं?

याला जवळचा एक प्रयोग अरबी भाषेत झालेला आहे. अरबी मुलं घरी एक बोली बोलतात आणि पुस्तकातली अरबी तिच्याहून बरीच वेगळी असते. ही भाषा लहान मुलांना झेपायची नाही, असं मानून शिक्षक गोष्टी बोलीतच सांगत. इस्रायलमधल्या अरबी बालवाड्यांत संशोधक दीना फाइटेलसन आणि सहकाऱ्यांनी याच्या उलट केलं. काही महिने मुलांना रोज पुस्तकी अरबीतल्या गोष्टी वाचून दाखवल्या. १९९३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना गोष्टी वाचून दाखवल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा या मुलांना ऐकलेलं जास्त समजू लागलं होतं आणि चित्रं पाहून गोष्ट सांगताना त्यांची भाषाही अधिक भरीव झाली होती. अक्षर ओळखण्याआधीच पुस्तकाची भाषा त्यांच्या कानावरून आत गेली होती.

पुण्यातल्या मुलाचंही तसं पाहिलं तर वेगळं नाही. ‘घनदाट अरण्यात’ असं स्वयंपाकघरात कोण बोलतं? २०१५ मध्ये जेसिका मोंटॅग आणि सहकाऱ्यांनी शंभर इंग्रजी चित्रपुस्तकांतले शब्द मोठी माणसं मुलांशी बोलतात त्या शब्दांच्या शेजारी ठेवून पाहिले. वेगवेगळे शब्द पुस्तकांत जास्त निघाले. आपलं रोजचं बोलणं ‘जेव’, ‘झोप’, ‘चप्पल कुठे टाकलीस’ याभोवतीच फिरत असतं.

कानाला एवढं महत्त्व का, हे मेंदूकडे पाहिलं की कळतं. बोलणं माणसाबरोबर फार प्राचीन काळापासून आहे. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. तेवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी खास भाग तयार होणं शक्यच नव्हतं. स्तानिस्लास देहान हे फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ सांगतात की चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारचा, डाव्या बाजूचा एक तुकडा वाचन शिकताना अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. वाचन शिकताना मेंदू मोठेपणीही बदलतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. दृष्टीशी संबंधित खोलवरच्या भागांचं मेंदूच्या पृष्ठभागाशी चाललेलं काम त्या अवधीत बदललेलं दिसलं. हा अभ्यास २०१७ चा, आणि तोही आपल्याच लिपीतला.

पण अक्षरांचा हा तुकडा एकटा काहीच करू शकत नाही. अक्षर पाहून त्यानं आवाज दिला की तो आवाज ओळखणारं कुणीतरी आत असायला हवं. ‘मगर’ हा आवाज भाचीच्या डोक्यात नसता, तर म, ग, र सुटे सुटे ओळखूनही तिच्या हाती काही लागलं नसतं. १९ लहान मुलांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांच्या घरी वाचून दाखवण्याची सवय जास्त होती त्यांच्या मेंदूतले अर्थाशी निगडित भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय दिसले. आकडा लहान आहे, आणि वाचणारी घरं इतर बाबतींतही वेगळी असतात. म्हणून एवढ्यावरून मोठा दावा मी करणार नाही.

“परतून वाच” या मागणीनं मोठी माणसं कंटाळतात. मीही कंटाळते, नववी-दहावी खेप आली की पानं गुपचूप उलटते आणि पकडली जाते. पण मुलांचं बरोबर आहे. २०११ मध्ये ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द असलेल्या गोष्टी ऐकवल्या. काहींना तीच गोष्ट पुन्हापुन्हा, काहींना वेगवेगळ्या. शब्द सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडले, पण तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना ते जास्त लक्षात राहिले. गोष्ट ठाऊक झाली की लक्ष शब्दांकडे द्यायला मोकळं होत असावं.

आपल्याकडे एक चूक हमखास होते. मूल पहिली-दुसरीत अक्षरं जुळवू लागलं की ‘आता तुझं तू वाच’ म्हणून आपण सुटतो. इंग्रजीची अक्षरं सव्वीस. आपली मुळाक्षरं, त्यांच्या बाराखड्या आणि वर जोडाक्षरं मिळून चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. ‘कि’मधली वेलांटी तर लिहायची आधी आणि म्हणायची नंतर! कन्नड शाळांत संशोधक सोनाली नाग यांना आढळलं की अक्षरांवर पूर्ण पकड यायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षं जातात. तोवर मुलाला समजतील त्या गोष्टी त्याला वाचता येणाऱ्या मजकुराच्या फार पुढे असतात. ते अंतर मोठ्यांच्या आवाजानंच भरून निघतं, म्हणून चौथीतल्या मुलालाही खुशाल वाचून दाखवावं.

पुस्तकं कुठून आणायची, हा इथे फारसा अडथळा नाही. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे. पाटोवरच्या नव्या इमारतीत मुलांसाठी वेगळा विभागही आहे. घरी आणलेली पुस्तकं मात्र काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. आमच्या दमट हवेत ती कसर आणि वाळवीचीच होतात. मुलाच्या हातून एखादं पान फाटलं तर फाटू द्यावं.

आणि वाचताना शब्दाखाली बोट ठेवावं. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रांनी दाखवलंय की गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर असते, मजकुराकडे ती क्वचितच जाते.

चतुर्थीच्या सुट्टीत मी तसं बोट ठेवायला लागले. तिसऱ्या रात्री भाचीनं माझं बोट बाजूला केलं, स्वतःचं ‘मगर’खाली ठेवलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, “मानगें!”